दहापैकी दोन

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. कारण: उजव्या हाताला, मनगटाच्या चार बोटं वर, कातडीखाली एक गाठ सापडली आहे. शर्टाच्या बटणाहून लहान. बघायला गेलं तर काहीच नाही, किंचित निळसर ठिपका. पण तिथे काही टेकलं की थेट खांद्यापर्यंत करंट. सकाळी कफचं बटण लावताना ओरडलो. काय झालं, म्हणून हिने स्वयंपाकघरातून विचारलं. काही नाही म्हणालो.

घरच्यांच्या जिवाला उगाच घोर नको. रोज शांतपणे नोंद ठेवायची. पंधरा दिवसांत गाठ जाईल, विषय संपेल. वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात माझी एकवीस वर्षं गेली. जगाचे काटे मी तपासतो, स्वतःच्या हातात काय आहे ते मला कळणार नाही असं कसं होईल?

गुरुवार, ५ सप्टेंबर

निदान झालं. चरबीची गाठ. इंटरनेटवर चार मिनिटांत सापडलं. ‘ही गाठ सहसा दुखत नाही’ असंही तिथे लिहिलं आहे. त्यातला ‘सहसा’ महत्त्वाचा.

खालच्या एका लेखाचं शीर्षक वाचून लॅपटॉप बंद केला. घाबरून नव्हे. बॅटरी कमी होती.

रविवार, ८ सप्टेंबर

मेहुणा आला होता. रोज व्यायाम करतो आणि त्यामुळे त्याला शरीरातलं सगळं कळतं. गाठीचं फक्त त्याला सांगितलं, हिला सांगू नकोस या अटीवर. त्याचं म्हणणं, अशा गाठी जिरवायच्या असतात. दाखव, म्हणाला. दाखवली. त्याने अंगठा ठेवला आणि जिरवली.

मी खाली बसलो. म्हणजे फरशीवर. हिने विचारलं, तर पेन शोधतोय म्हणालो. पेन खिशात होतं आणि ते हिला दिसत होतं.

मेहुणा जाताना म्हणाला, रोज दहा मिनिटं असंच करत जा. त्याच्याशी पुन्हा बोलायचं की नाही ते नंतर ठरवू.

मंगळवार, १७ सप्टेंबर

पंधरा दिवस संपले. गाठ आहे. मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली.

एक निरीक्षण. घरी हात त्या मानाने बरा असतो. कारखान्यात तपासणीच्या खोलीत शिरलो की पाच मिनिटांत ठणकायला लागतो. त्या खोलीत एसी चोवीस तास चालू, कारण बारीक वजनं मोजायची तर तापमान हललेलं चालत नाही. स्वेटर घालून काम करतो आम्ही. पण घरी बरा आणि कामावर वाईट, याचा अर्थ उघड आहे: साहेब. माणसाला वरिष्ठांचा त्रास कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही.

तात्पुरता उपाय म्हणून लेकीचा जुना लोकरी मोजा पुढून कापून हातात चढवला, वरून शर्टाची बाही. उत्तम. मात्र दशांशबाईंच्या नजरेतून सुटला नाही. (माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. दशांश चिन्हानंतरचे चार आकडे लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाहीत, म्हणून सगळे दशांशबाई म्हणतात. त्यांना माहीत आहे. त्यांना आवडतं.) त्यांनी विचारलं, हा मोजा आहे का. मी म्हणालो, सपोर्ट आहे, मेडिकल. त्या म्हणाल्या, त्यावर ससे आहेत.

सोमवार, २३ सप्टेंबर

दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन हातातून पडलं. म्हणजे चिमट्यातून. ज्याच्यावरून बाकीची सगळी वजनं तपासायची, ते. त्याला आम्ही बोटसुद्धा लावत नाही. ते फरशीवर आपटून कपाटाखाली गेलं. सगळे असे धावले, जसे कोणाच्या घरी बाळ पडल्यावर धावतील.

चिमटा सैल आहे, असा मी तोंडी रिपोर्ट दिला. दशांशबाईंनी चिमटा घेऊन चार वेळा वजन उचललं, ठेवलं, आणि वहीत लिहिलं: ‘चिमटा ठीक.’ पुढे काही लिहिलं नाही. पण ती रिकामी जागा माझ्याकडे बघत होती.

शनिवार, २८ सप्टेंबर

लेकीला स्कूटर शिकायची आहे. बाबा, तुम्ही मागे बसा, सुरुवातीला हँडल धरा, म्हणाली. हँडल धरायचं म्हणजे उजवा हात आला. मी म्हणालो, मला वेळ नाही, पुढच्या आठवड्यात बघू. ती म्हणाली, मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. मेहुणा तिच्या मागे बसून ओरडत होता आणि ती हसत होती. चांगलं आहे. मेहुण्याला तेवढाच व्यायाम.

जेवताना ती माझ्याशी नीट बोलली. अगदी नीट. त्याचाच त्रास झाला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

उघडकीस आलं. हिने फ्रिजमधली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, ती घसरून बरोबर तिथे टेकली. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

त्या गेल्यावर हिने माझी बाही वर केली. मोजा निघाला. मोजा काढला. ठिपका बघितला. किती दिवस झाले, विचारलं. मी म्हणालो, परवापासून. मोज्याला भोक पडलं होतं, लोकर झिजली होती. ही त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, परवापासून का.

उद्या डॉक्टर. माझं तसं ठरलंच होतं, हा निव्वळ योगायोग.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आमचे फॅमिली डॉक्टर. वीस वर्षांची ओळख. ही बाहेर थांबायला तयार नव्हती, पण मी म्हणालो, मी काय लहान आहे का. एकटा आत गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. दार अर्धं उघडं होतं. बाहेर तीन बायका आणि एक शाळकरी मुलगी. मुलीचा हात प्लास्टरमध्ये होता आणि ती गोष्टीचं पुस्तक वाचत होती. अशा परिस्थितीत माणूस काय सांगणार? दोन, म्हणालो.

त्यांनी दाबून पाहिलं. मी हसलो. चरबीची गाठ, म्हणाले, दोन असेल तर तिच्या नादी लागू नका. म्हणजे माझंच निदान बरोबर! फक्त आकडा खरं तर साडेनऊ होता. पण वीस वर्षांच्या ओळखीत माझं हसणं त्यांना ओळखता येऊ नये?

गाडीत हिने विचारलं, फ्रिजच्या बाटलीचं सांगितलंत ना. मी म्हणालो, सगळं सांगितलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी काही फरक नाही. डॉक्टरांवरचा विश्वास उडत चालला आहे. आज हाडांचे डॉक्टर. भिंतीवर सांगाडा, त्याच्या डोक्यावर कोणाची तरी टोपी.

त्यांनी विचारलं, टेनिस खेळता का. मी म्हणालो, पूर्वी खेळायचो. का म्हणालो, देव जाणे. कॉलेजात एकदा फोटोपुरती रॅकेट धरली होती, ती सुद्धा मित्राची. डॉक्टर खूश झाले. टेनिस एल्बो, म्हणाले. कोपराला बांधायला पट्टा दिला. गाठ मनगटाजवळ, पट्टा कोपराला. दोघांची भेट होण्याची शक्यता नाही.

यांनीही दहापैकी विचारलं. या वेळी तीन सांगितलं. प्रामाणिकपणात पन्नास टक्के वाढ.

बुधवार, २३ ऑक्टोबर

तिसरे डॉक्टर, नसांचे. फार गोड बोलतात. झोप कशी, भूक कशी, घरी सगळं ठीक ना. मी म्हणालो, सगळं उत्तम, हातही तसा उत्तम, बायको म्हणाली म्हणून आलो. ते म्हणाले, मग मनावरचा ताण असेल. दीर्घ श्वसन करा.

घरी येऊन दीर्घ श्वसन केलं. आठव्या श्वासाला हात खुर्चीच्या लोखंडी दांड्याला टेकला. नववा श्वास दीर्घ झाला नाही.

तीन शिकलेली माणसं, तीन वेगळी उत्तरं! या लोकांकडून माणसाने काय अपेक्षा ठेवायची?

रविवार, २७ ऑक्टोबर, दुपार

घरात कोणी नाही. तो लेख उघडला. सप्टेंबरात बॅटरी कमी असताना बंद केला होता तो. शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

कपाटातून एक कोरी फाइल काढली. विम्याचे कागद, बँकेचे कागद, पासवर्ड, गॅसवाल्याचा नंबर, पाण्याच्या फिल्टरचं काडतूस दर सहा महिन्यांनी बदलणे, कुठल्या दिशेने फिरवणे, लेकीच्या फॉर्मची तारीख. असे सतरा मुद्दे. नीट अक्षरात, डाव्या हाताने. फाइलवर ‘इतर’ असं लिहून ती छत्र्यांच्या मागे ठेवली.

घाबरलो नाही. कागदपत्रं जागच्या जागी असावीत, एवढंच.

सोमवार, ४ नोव्हेंबर

वार्षिक तपासणी. बाहेरून निरीक्षक आले होते. त्यांच्यासमोर प्रमाण वजनं एकेक करून काट्यावर ठेवायची, हे काम दर वर्षी माझं. मोजा काढून गेलो, सशांसकट बरं दिसलं नसतं.

तिसऱ्या वजनाला हात थांबला. चिमट्यात वजन, चिमटा हवेत, आणि हात पुढेही जाईना, मागेही येईना. ठणका इतका, की काट्यावरचे आकडे दिसेनात. आधी वाटलं, काच धुरकट झाली. मग कळलं, डोळे. निरीक्षकांसमोर, भर खोलीत, एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

दशांशबाई उठल्या, माझ्या हातातून चिमटा हळूच काढून घेतला आणि उरलेली सगळी वजनं ठेवली. कोणाला काही सांगितलं नाही. निरीक्षकांना म्हणाल्या, डोळ्यांत काहीतरी गेलंय त्यांच्या.

डबा खाताना मात्र माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, अंदाजाने लिहिलेला आकडा आपण कोणाचा चालवून घेत नाही, मग तुमचा कसा चालवायचा? आणि हिला फोन केला. माझ्यासमोर. हिचा नंबर त्यांच्याकडे केव्हापासून आहे, हा वेगळा चौकशीचा विषय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सर्जनबाई. दशांशबाईंच्या भावाचा हात यांनीच बरा केला म्हणे. कमी बोलतात. मी हिला बाहेर थांब म्हणालो. हिला ऐकू आलं नाही. माझ्या आधी आत जाऊन बसली.

पुन्हा तोच प्रश्न, दहापैकी किती. मी म्हणालो, दोन. फार तर अडीच.

सर्जनबाईंनी लिहिलं नाही. पेन थांबवून हिच्याकडे पाहिलं.

मग ही बोलायला लागली. हळू आवाजात, न थांबता. हे फ्रिज उघडत नाहीत, लेकीला उघडायला सांगतात. हात धुताना आधी नळाखाली डावी करंगळी धरून बघतात. शर्टाची बटणं आता डाव्या हाताने लावतात. जिना चढताना उजवा हात पोटाशी धरतात, कोणी आलं की सोडतात. पेपर वाचताना दीड तास एकच पान. महिनाभर कोणाशी हस्तांदोलन नाही, लग्नाला गेलो तर सगळ्यांना लांबूनच नमस्कार. यातल्या अर्ध्या गोष्टी मी या रोजनिशीतही लिहिलेल्या नाहीत. काही मलाच माहीत नव्हत्या.

शेवटी म्हणाली, नऊ लिहा.

साडेनऊ, असं कोणीतरी म्हणालं. मीच होतो.

मग बाईंनी विचारलं, थंडीने वाढतं का. तीन डॉक्टरांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. (मीही सांगितलं नव्हतं, पण विचारायचं कोणी?) पेनचं बोथट टोक घेतलं. गाठीच्या बाजूला दाबलं, काही नाही. दुसऱ्या बाजूला, काही नाही. बरोबर तिथे दाबलं. मी म्हणे आईला हाक मारली. मग दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून हवा भरली, रक्त थांबवलं, पुन्हा तिथेच दाबलं. काही नाही! पट्टा सोडला, दाबलं. पुन्हा आई. बर्फ लावून बघू का, म्हणाल्या. मी म्हणालो, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.

बाई म्हणाल्या, हा बहुतेक ग्लोमस ट्यूमर आहे.

त्यापुढचं मी ऐकलं नाही. मान हलवत होतो असं ही सांगते. घरी येताना हिने तीन वेळा समजावलं: कातडीखाली थंडी-गरमीप्रमाणे रक्त कमी-जास्त करणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांचाच एक गुंता वाढतो. जीव जाईल असं दुखतं, पण जवळजवळ नेहमी निरुपद्रवी. सोनोग्राफी करायची, काढून टाकायचा, काढलेला तुकडा लॅबमध्ये तपासायला पाठवायचा.

‘जवळजवळ’ म्हणजे दशांश चिन्हानंतर किती, ते मी विचारायला हवं होतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सोनोग्राफी झाली. चार मिलिमीटर. बाईंचा अंदाज पक्का.

हिला छत्री हवी होती. फाइल सापडली. खाली बसून सतराही मुद्दे वाचले. फिल्टरपाशी हसली. मग रडली. मग चिडली. चिडून विचारलं, तुम्ही नसताना मला फिल्टरची काळजी असेल असं वाटलं का तुम्हाला? आणि हे सगळं एकट्याने, डाव्या हाताने लिहीत बसलात?

काडतूस बदलायचं वेड्यासारखं का लिहिलं, मलाच कळेना. तिच्याजवळ खाली बसलो. भीती वाटते, असं म्हणालो. बहुधा. नक्की शब्द आठवत नाहीत. तिने डावा हात धरला, उजव्याला धक्का लागू नये म्हणून.

बुधवार, १३ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. निश्चय: (एक) स्वतःच्या पायांनी टेबलापर्यंत जायचं. (दोन) सर्जनबाईंना एक विनोद सांगायचा. तयार आहे, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिला. (तीन) सुई टोचताना सुईकडेच बघायचं. भीतीच्या डोळ्याला डोळा भिडवला की ती जाते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

झालं. (एक) पार पडला. (तीन) सुद्धा पार पडला, म्हणजे सुईकडे पाहिलं. त्यामुळे (दोन) राहिला. शुद्ध गेली असं नर्स म्हणते. मी थोडा आधीच आडवा झालो होतो.

हात तेवढा बधिर केला, वीस मिनिटांत संपलं. दाखवा म्हणालो. छोट्या बाटलीत पाण्यासारखं औषध, त्यात एक लालसर कण. तांदळाच्या कणीएवढा! एवढंच? असं विचारलं. बाई म्हणाल्या, एवढंच. अपमान झाल्यासारखं वाटलं. याच्यासाठी दहा आठवडे, चार डॉक्टर आणि एक मोजा? वजन तरी करा, म्हणालो. नर्स नाही म्हणाली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

लॅबचा रिपोर्ट. ग्लोमसच. निरुपद्रवी. पूर्ण निघाला.

ही हॉस्पिटलच्या पॅसेजमधल्या बाकावर बसली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकून राहिली. मी म्हणालो, मला पहिल्यापासून खात्री होती. तिने मान वर केली नाही. बाही ओली झाली, तेव्हा मी खात्रीचा विषय सोडून दिला.

घरी जखमेवर प्लास्टिक गुंडाळून हात थंड नळाखाली धरला. एक मिनिट. घड्याळ लावून. काही नाही! अजून एक मिनिट. काहीच नाही! डोळ्यांत साबण गेला.

लेक दारात उभी होती. साबण तर कोरडाच आहे, म्हणाली. मग मीच तिला स्कूटरचं कारण सांगितलं. खरं कारण. ती म्हणाली, एवढंच होतं तर सांगायचं ना बाबा, मला वाटलं तुम्हाला कंटाळा येतो माझा.

ही नोंद ठेवायला हवी म्हणून ठेवतो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

टाके काढायला गेलो. तिघंही. लेक आता चांगली चालवते, पण आज गाडीनेच गेलो, तिघांना स्कूटर पुरत नाही. ही रोजनिशी बरोबर घेतली होती. इतक्या पद्धतशीर, तारीखवार नोंदी पेशंटकडून क्वचितच मिळत असतील. सर्जनबाईंना अभ्यासाला उपयोगी पडतील.

बाई फोनवर होत्या. टेबलावर माझी फाइल उघडी. पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली इंग्रजीत लिहिलेलं: ‘पेशंट इज अ पुअर हिस्टोरियन.’

क्षणभर भरून आलं. रोजनिशी न बघताच बाईंना अंदाज आला होता! हिस्टोरियन! हिला कोपराने ढोसून दाखवलं. ‘पुअर’ मात्र खटकलं. आम्ही काही श्रीमंत नाही, पण मेडिकल फाइलमध्ये लिहिण्याइतके गरीबही नाही. कदाचित त्या दिवशीची माझी चप्पल बघून लिहिलं असेल.

लेकीने वाकून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. मग मोबाइलवर शोधून मला दाखवलं. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की या पेशंटने स्वतःच्या दुखण्याबद्दल सांगितलेल्या माहितीवर भरवसा ठेवता येत नाही. फाइलमध्ये त्या ओळीच्याच खाली लिहिलं होतं, सगळी माहिती पत्नीकडून घेतली.

रोजनिशी पिशवीत ठेवली.

बाईंचा फोन संपला. टाके काढायला घेतले. दुसऱ्या टाक्याला हात थांबवून त्यांनी विचारलं, दुखतंय का?

मी हिच्याकडे बोट दाखवलं.